'रीटा' ते 'त्रिभंग' : मधली बारा वर्षं कुठं गेली?

प्रश्न : काका, माझी आजी 'सुरभि'च्या स्पर्धेला न चुकता पोस्टकार्डं टाकायची. रेणुका शहाणे म्हटलं की तिला अजून तो हसरा चेहराच आठवतो. मी मात्र मोबाइलवर 'त्रिभंग' पाहिला आणि दिग्दर्शक म्हणून त्यांचं नाव वाचून थक्क झाले. शोधाशोध केली तर त्यांचा आधीचा चित्रपट निघाला 'रीटा', तोही २००९ सालचा. मधल्या बारा वर्षांत काय झालं? ज्यांना घरोघरी ओळखतात, त्यांनाही दुसऱ्या चित्रपटाला एवढी वर्षं का लागावीत?
— एक वाचक भगिनी, नांदेड

उत्तर : आजींना आधी माझा नमस्कार सांगा. त्या पोस्टकार्डांच्या गठ्ठ्यात माझीही दोन-चार होती. बक्षीस काही लागलं नाही.

दूरदर्शनवर १९९० साली सुरू झालेल्या 'सुरभि'त सिद्धार्थ काक आणि रेणुका शहाणे दोघं बसायचे आणि समोर पत्रांचा ढीग असायचा. १९९३ साली एका आठवड्यात १४ लाख पत्रं आल्याची नोंद सांगितली जाते. पोस्टकार्ड तेव्हा १५ पैशांचं. १५ पैशांत एवढा बोजा वाहायचा म्हणजे डाकखात्याला आतबट्ट्याचा व्यवहार. शेवटी असल्या स्पर्धांसाठी दोन रुपयांचं वेगळं कार्ड निघालं. तुमच्या आजींसारख्यांनी सरकारला दर बदलायला लावला, असं म्हणायला हरकत नाही.

मग १९९४ साली 'हम आपके हैं कौन' आला. त्यातली जिन्यावरून पडून जाणारी वहिनी लोक अजून विसरलेले नाहीत. इथंच गोम आहे. प्रेक्षकांनी एकदा कुणाला 'आदर्श वहिनी' ठरवलं की त्या चौकटीतून बाहेर पडायला नटीला फार झटावं लागतं. पुढची प्रत्येक भूमिका त्याच साच्यातली येते. साचा नको असेल तर घरी बसावं लागतं, नाहीतर आपली गोष्ट आपणच सांगायला उठावं लागतं.

रेणुकाबाईंना गोष्ट शोधायला लांब जावं लागलं नाही. त्यांची आई म्हणजे लेखिका आणि नाट्यसमीक्षक शांता गोखले. त्यांची 'रीटा वेलिणकर' ही कादंबरी मराठी वाचकांना १९९० पासून माहीत आहे. घरातली थोरली मुलगी, सगळ्यांचा भार तिच्या खांद्यावर, त्यात विवाहित माणसाशी वर्षानुवर्षांचं नातं, आणि एक दिवस मनच कोलमडतं. अशा बाईची ती गोष्ट. लेकीनं आईच्या कादंबरीवर पहिला चित्रपट केला. पल्लवी जोशी रीटा झाल्या आणि जॅकी श्रॉफ साळवी, म्हणजे तो विवाहित माणूस. रेणुकाबाईंनी स्वतःकडे घेतली ती सरस्वतीची, म्हणजे मैत्रिणीची भूमिका.

या निवडीकडे जरा थांबून बघा. नट दिग्दर्शक झाला की पंगतीत पहिलं पान स्वतःला वाढून घेतो, असा आपला अनुभव. इथं पहिलं पान दुसरीला वाढलं आणि स्वतः शेजारी बसून तिची कहाणी ऐकली. नटी दिग्दर्शक झाल्यावर काय वेगळं होतं, असं कुणी विचारलं तर मी हेच दाखवीन. पंधरा-वीस वर्षं कॅमेऱ्यासमोर काढलेल्या बाईला एक गोष्ट नेमकी कळलेली असते. बोलणाऱ्याचा चेहरा सगळेच टिपतात, पण ऐकणाऱ्याचा चेहराही गोष्ट सांगत असतो.

आता तुमची बारा वर्षं. ती समजावीत म्हणून एक दुपार सांगतो.

महोत्सवांत नावाजलेला एक मराठी चित्रपट आमच्याकडे लातूरला लागला होता. थेटराचं नाव घेत नाही. दिवसाला एकच खेळ, तोही दुपारी बाराचा, आणि ऊन असं की डांबर चपलेला चिकटावं. आम्ही सहा जण होतो. तिकीटखिडकीवरचा माणूस अगदी नम्रपणे म्हणाला, "सर, दहा तिकिटं झाल्याबिगर मशीन लावता येत नाही बघा." आम्ही वीस मिनिटं बाहेर रसवंतीवर काढली, कुणी आलं नाही. शेवटी आम्हीच आणखी चार तिकिटं काढली. सहा माणसं आणि चार रिकाम्या खुर्च्या असा तो खेळ झाला. दुसऱ्या दिवशी चित्रपट उतरला होता.

त्या माणसाचा मला राग आला नाही. त्याचाही हिशेब असतो. वीज असते, पगार असतात, डिजिटल प्रक्षेपणाचं भाडं असतं. पण हाच हिशेब निर्मात्याच्या बाजूनं मांडला तर लक्षात येतं की चित्रपट काढायला पैसे लागतात आणि तो लोकांपर्यंत न्यायला पुन्हा पैसे लागतात. मोठ्या चित्रपटाला दुसरा पैसा मिळतो, छोट्याला पहिल्यातच दम लागतो. दुपारी बाराचा खेळ मिळाला की नोकरदार येत नाही, तो आला नाही की दुसरा आठवडा मिळत नाही, आणि दुसरा आठवडा मिळाला नाही की पुढच्या चित्रपटाला पैसे द्यायला कुणी पुढं येत नाही. मग संहिता कपाटात पडून राहते.

इथं प्रसिद्धीचा उपयोग किती? ओळखीच्या चेहऱ्याला निर्मात्याच्या दारात ताटकळत बसावं लागत नाही, चहासुद्धा मिळतो. पण चहा पाजणारा माणूस पैसे घालेलच असं नाही. तो विचारतो, यात हिरो कोण? मधल्या वयाच्या बाईच्या गोष्टीला हिरो कुठून आणायचा?

ही एकट्या रेणुकाबाईंची कथा नाही. नंदिता दास यांचा पहिला चित्रपट 'फिराक' २००८ चा, दुसरा 'मंटो' २०१८ चा. दहा वर्षं. म्हणून मी म्हणतो, अशा बाईची कारकीर्द मोजायची तर चित्रपटांची संख्या बघू नका, दोन चित्रपटांमधली वर्षं बघा. खरं काम तिथं चाललेलं असतं. लिहिणं, खोडणं, दारं ठोठावणं, आणि पोटासाठी मधूनमधून दुसऱ्यांच्या चित्रपटांत काम करणं.

'त्रिभंग' मुळात मराठीत करायचा त्यांचा विचार होता, हे त्यांनी मुलाखतींतून सांगितलं आहे. पुढं तो हिंदीत झाला, तरी त्यातली घरं मराठीच राहिली. १५ जानेवारी २०२१ ला तो थेट नेटफ्लिक्सवर आला. म्हणजे दादरच्या मुलीनं ज्या दिवशी पाहिला, त्याच दिवशी तुम्हाला नांदेडातही पाहता आला. दहा तिकिटांची अट नाही आणि बाराचं ऊनही नाही. 'रीटा'च्या नशिबी हे नव्हतं. अर्थात मोबाइलच्या या दारावरही राखणदार आहेच. काय घ्यायचं, काय नाही, हे तोच ठरवतो.

'त्रिभंग' पुन्हा पाहाल तेव्हा नयन आणि तिच्या सासूच्या प्रसंगांकडे लक्ष द्या. घरातलं भांडण पैशावरून नाही की मानपानावरूनही नाही. ते आहे सुनेच्या लिहिण्यावरून. आपल्या किती घरांत बाईच्या हातातल्या पेनावरून धुसफूस झाली असेल! नयन लेखिका, तिची मुलगी अनुराधा ओडिसी नर्तकी आणि अभिनेत्री, नात माशा संसारात रमू पाहणारी. त्रिभंग ही ओडिसीतली उभं राहण्याची एक पद्धत आहे. शरीर तीन ठिकाणी वळतं, तरी तोल जात नाही.

२०२५ मध्ये रेणुकाबाईंचा 'लूप लाइन' हा ॲनिमेशन लघुपटही आला. तेव्हा आजींना सांगा, 'सुरभि'तल्या बाई रिकाम्या बसलेल्या नाहीत.

प्रश्न : मराठीत अशा आणखी कोण झाल्या? आणि आपल्या मराठवाड्याशी त्यांचा काही धागा जुळतो का, की सगळं मुंबई-पुण्यातच?
— एक निवृत्त शिक्षक, लातूर

उत्तर : गुरुजी, धागा आहे, आणि चांगला पीळदार आहे.

परभणी जिल्ह्यातलं मानवत तुम्हाला माहीत आहेच. १९७२ पासून तिथं जे हत्याकांड झालं, त्यानं सगळा महाराष्ट्र हादरला होता. गुप्तधन आणि संततीच्या हव्यासापायी मुलीबाळींचे बळी. त्यावर विजय तेंडुलकरांनी लिहिलेला 'आक्रीत' अमोल पालेकरांनी १९८१ साली दिग्दर्शित केला. त्यात चित्रा पालेकर रुही झाल्या होत्या. ज्या बाईच्या हट्टाभोवती ते अघोर फिरतं, ती रुही.

त्याच चित्राबाईंनी पंचवीस वर्षांनी, २००६ साली, स्वतःचा पहिला चित्रपट दिग्दर्शित केला. नाव 'माती माय'. मूळ कथा महाश्वेता देवींची. पुरलेल्या लेकरांची राखण करणं हे चंडीचं पिढीजात काम. तिला स्वतःला मूल होतं, अंगावर दूध असतं, आणि दुसऱ्यांची मेलेली लेकरं मातीआड करायला हात धजत नाही. गाव तिला चेटकीण ठरवतं. नंदिता दास चंडी झाल्या आणि अतुल कुलकर्णी तिचा नवरा.

दोन्ही चित्रपट शेजारी ठेवून बघा. नटी म्हणून चित्राबाई अंधश्रद्धेच्या अशा टोकाला उभ्या होत्या जिथून घाव घातला जातो. दिग्दर्शक म्हणून त्या दुसऱ्या टोकाला गेल्या, जिथं घाव बसतो. मानवतच्या मातीतली भूमिका केलेल्या बाईनं पुढं चंडीची गोष्ट निवडावी, हा मला निव्वळ योगायोग वाटत नाही. आणखी एक गंमत म्हणजे 'माती माय'नंतर दोनच वर्षांनी त्यातली चंडी, म्हणजे नंदिता दास, 'फिराक' घेऊन स्वतः दिग्दर्शक झाली.

थोडं मागं जाऊ. चित्रपट दिग्दर्शित करणारी भारतातली पहिली स्त्री नटीच होती. फातमा बेगम. १९२६ साली त्यांनी 'बुलबुल-ए-परिस्तान' केला. आपल्याकडे दुर्गा खोटे. चांगल्या घरातली, झेवियर्स कॉलेजात शिकलेली मुलगी, संसाराची घडी विस्कटली म्हणून १९३१ साली सिनेमात आली, तेव्हा लोकांनी तोंडात बोटं घातली. पुढच्याच वर्षी प्रभातच्या 'अयोध्येचा राजा'त तारामती होऊन तिनं ती बोटं टाळ्या वाजवायला लावली. पन्नाशीच्या दशकात बाईंनी स्वतःची संस्था काढली आणि अनेक वर्षं लघुपट, माहितीपट, जाहिरातपट केले. १९८८ साली दूरदर्शनवर 'वागले की दुनिया' लागायची ना? ती दुर्गा खोटे प्रॉडक्शन्सची. फाळके पुरस्कार त्यांना नटी म्हणून मिळाला, १९८३ सालचा. पण निर्माती म्हणून केलेलं हे काम लोकांच्या ध्यानात फारसं नसतं. त्यांचं आत्मचरित्र इंग्रजीत कुणी नेलं? शांता गोखल्यांनी. म्हणजे रेणुकाबाईंच्या घरात हा विषय आधीच नांदत होता.

आणि शोभना समर्थ. १९५० साली त्यांनी 'हमारी बेटी' दिग्दर्शित केला, मुलगी नूतनला पडद्यावर आणायला. १९६० मध्ये 'छबीली' केला. त्यांची दुसरी मुलगी तनुजा, तनुजाची मुलगी काजोल, आणि काजोल 'त्रिभंग'ची नायिका. त्याच चित्रपटात काजोलच्या आईचं काम करणाऱ्या तन्वी आझमी या उषा किरण यांच्या कन्या. आई-लेकींची गोष्ट सांगायला रेणुकाबाईंनी नट्यांच्याच लेकी-नाती गोळा केल्या. कागदावर तीन पिढ्यांची असलेली गोष्ट पडद्यामागं पाच-सहा जणींची होऊन बसते.

मृणाल कुलकर्णींचं नाव घ्यायलाच हवं. २०१३ मध्ये त्यांनी 'प्रेम म्हणजे प्रेम म्हणजे प्रेम असतं' आणि २०१४ मध्ये 'रमा माधव' केला.

आता आपल्या अंगणातलं. नांदेड जिल्ह्यात लोहा तालुक्यातली नागदरवाडी. गावात पाणी नाही म्हणून मुली द्यायला कुणी तयार नाही, आणि हणमंत केंद्रे नावाचा तरुण गावाला पाणलोटाच्या कामाला लावतो. यावर 'पाणी' चित्रपट झाला. दिग्दर्शक आणि नायक आदिनाथ कोठारे. म्हणजे इथं नट दिग्दर्शक झाला, नटी नव्हे. पण पैसा उभा केला तो प्रियांका चोप्राच्या संस्थेनं, म्हणजे निर्माती झालेल्या अभिनेत्रीनंच. २०१८ च्या चित्रपटांसाठीचे राष्ट्रीय पुरस्कार ऑगस्ट २०१९ मध्ये जाहीर झाले, त्यात पर्यावरणाचा पुरस्कार 'पाणी'ला मिळाला. तो चित्रपटगृहांत आला १८ ऑक्टोबर २०२४ ला. गावात पाणी आलं, दिल्लीहून पुरस्कार आला, चित्रपट मात्र सगळ्यांत शेवटी आला. २०१६ च्या एप्रिलात मिरजेहून पाण्याची रेल्वे येताना लातूर स्टेशनात आपण उभे होतो गुरुजी. 'पाणी'चं मोल आपल्याला कुणी समजावून द्यायला नको.

लातूरचे म्हणून रितेश देशमुखांचं नावही तुम्ही घ्याल. 'वेड' त्यांनी दिग्दर्शित केला, जिनिलिया देशमुख निर्मात्या आणि नायिका. ३० डिसेंबर २०२२ ला लागला आणि गर्दीनं चालला. ती वाट वेगळी. तिथं बाजाराचा वारा पाठीमागून वाहत होता.

प्रश्न : मी बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. एकांकिकेत काम करते, पण मला दिग्दर्शन करायचं आहे. घरचे म्हणतात, आधी नटी म्हणून नाव कमव, मग दिग्दर्शन आपोआप मिळेल. हे खरं आहे का?
— एक विद्यार्थिनी, लातूर

उत्तर : पोरी, वरची दोन उत्तरं वाचलीस तर 'आपोआप' हा शब्द तूच खोडशील.

नटी म्हणून नाव झालं की फायदे आहेत. चार सेट बघायला मिळतात, माणसं ओळखीची होतात. पण नाव झालं म्हणून हातात दिग्दर्शन पडत नाही. बंगालच्या अपर्णा सेन १९८१ साली '३६ चौरंगी लेन' करून दिग्दर्शक झाल्या आणि पुढं सातत्यानं करत राहिल्या, कारण त्यांनी आधी लिहिलं. पहिली संहिता त्यांचीच होती. यातल्या बहुतेक जणींत एक गोष्ट सारखी आहे. त्या लिहित्या आहेत. पडद्यावरचं नाव त्यांना दारापर्यंत घेऊन गेलं, आत नेलं ते कागदानं.

नटी असायलाच हवं, असंही नाही. सुमित्रा भावे समाजशास्त्राच्या अभ्यासक. झोपडपट्टीतल्या बायकांचा अभ्यास करता करता त्यांना वाटलं, हे अहवालात कुणी वाचणार नाही. म्हणून १९८५ साली, चाळिशी ओलांडल्यावर, 'बाई' हा पहिला लघुपट केला. पुढं सुनील सुकथनकरांबरोबर 'दोघी', 'वास्तुपुरुष', 'देवराई' आणि सुवर्णकमळ मिळवणारा 'कासव'.

तेव्हा हातात आहे तिथून सुरू कर. युवक महोत्सवात यंदा भूमिका मागण्याऐवजी एकांकिका बसवायला माग. राज्य नाट्य स्पर्धेच्या वेळी नांदेडच्या कुसुम सभागृहात जाऊन बस, आणि नाटक संपल्यावर विंगेत जाऊन विचार की प्रकाशयोजना कुणी केली, पडदा का अडकला. दिग्दर्शनाचं निम्मं शिक्षण अडकलेल्या पडद्यापाशी होतं. छत्रपती संभाजीनगरला विद्यापीठाचा नाट्यशास्त्र विभाग आहे, आणि अजिंठा-वेरूळ चित्रपट महोत्सवही तिथंच भरतो. एका रात्रीच्या प्रवासाचं अंतर. पुण्यात फिल्म इन्स्टिट्यूट आहे, प्रवेश परीक्षा देऊन बघ. मोबाइलवर पाच मिनिटांचा लघुपट कर, पण आधी दहा पानं लिही आणि त्यातली सहा फाडून टाक.

पैशाबद्दलही स्पष्ट सांगतो. मराठी चित्रपटांना सरकारी अनुदान असतं. अनेक वर्षं 'अ' दर्जाला ४० लाख आणि 'ब' दर्जाला ३० लाख असा हिशेब होता. पण हे पैसे चित्रपट पूर्ण झाल्यावर, परीक्षण झाल्यावर मिळतात. आधी पदरचे घालावे लागतात. त्याच्या भरवशावर कुणी शेत गहाण टाकू नये. घरच्यांना हे वाक्य मुद्दाम वाचून दाखव.

आणि ती मधली वर्षं आत्तापासूनच हिशेबात धर. काहीतरी कमावत राहण्याची सोय असू दे. शिकवणी, नोकरी, भाषांतर, काहीही. म्हणजे उद्या कुणी 'यात हिरो कोण?' असं विचारलं, तर घाईनं हिरो घुसडायची वेळ येणार नाही. नुसतं 'नाही' म्हणून उठता येईल.

संहिता मला पाठवू नकोस, त्यातलं मला फार कळत नाही. पण एकांकिका दयानंद सभागृहात लागली तर तारीख मात्र कळव. मी येतो, आणि बरोबर नऊ जण घेऊन येतो. पोस्टकार्ड टाकलंस तरी चालेल, अजून पन्नास पैशांतच येतं.